परिषदेविना पुस्तक, पुस्तकाविना परिषद

स्त्रियांच्या सभा-परिषदांचे जुने कागद धुंडाळण्याचा नाद मला फार वर्षांचा. अध्यक्ष कोण, ठराव कुणी मांडले, हे अहवालात सापडतं; घरी परतताना बायकांच्या हाती काय होतं, ते सापडत नाही. पुण्यालगतच्या बावधनला एका मंगल कार्यालयात स्त्री संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. चांदणी चौकालगतच्या सोसायट्यांतल्या बायका होत्या, तशा मुळशीच्या आतल्या गावांतून आलेल्याही होत्या. भाषणांबद्दल सांगण्याजोगं फार नाही. निरोपाच्या वेळी मात्र शाल-श्रीफळाऐवजी प्रत्येकीला दोन पुस्तकं मिळाली : ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि ऊर्मिला पवार-मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’. ही जोडी निवडणारीला आपला इतिहास नेमका कळलेला आहे.

ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक. १८८१ मध्ये सुरतकडच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी १८८२ मध्ये त्याला पुस्तकानेच उत्तर दिलं. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. देवादिकांपासून ‘मंजुघोषा’-‘मुक्तामाले’सारख्या कादंबऱ्यांपर्यंत त्यांनी कुणाचीही भीड ठेवली नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे सगळं शांत. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही.

त्याच १८८२ मध्ये, त्याच पुण्यात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्यांचं ‘स्त्रीधर्मनीति’ही त्याच वर्षीचं. रमाबाईंच्या शब्दांना ऐकणाऱ्या बायकांची बैठक मिळाली. ताराबाईंच्या पुस्तकामागे अशी बैठक नव्हती, आणि मला वाटतं, ते विस्मरणात जायला हेच मोठं कारण झालं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापलं, तेव्हा मधे त्र्याण्णव वर्षं गेली होती. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. ऑक्टोबरात पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्षाची परिषद भरली. पुस्तकाला वाचणाऱ्या बायका तेव्हा कुठे मिळाल्या.

जोडीतल्या दुसऱ्या पुस्तकाची, ‘आम्हीही इतिहास घडवला’ची, कथा नेमकी उलटी : आधी परिषद, मग पुस्तक. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या आणि डॉ. आंबेडकर त्यांच्यापुढे बोलले. त्याच महिन्यात त्यांच्याकडे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातलं मजूर खातं आलं होतं. पत्नीला घटस्फोटाचा हक्क हवा, पुरुषाला एकीवर दुसरी करता येऊ नये, असे ठराव झाले. गिरणीतल्या आणि विडी कारखान्यांतल्या कामकरणींना रजा, अपघाताची भरपाई आणि पेन्शन मिळावं, असंही तिथे मागितलं गेलं. हिंदू कोड बिल संसदेत गाजलं त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तरीही स्त्री-चळवळीच्या मुख्य प्रवाहातल्या लेखनात या बायका फार काळ दिसल्या नाहीत. ही निव्वळ नजरचूक मी मानत नाही. लिहिणाऱ्यांचा वर्ग आणि जात तिला कारण आहे.

मून आणि पवार यांनी ही उणीव भरायला घेतली. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या बायकांना त्या घरी जाऊन भेटल्या, त्यांच्याच तोंडून हकिकती मिळवल्या. कागद थोडे होते, माणसं होती. आणखी काही वर्षं गेली असती तर तीही उरली नसती. १९८९ मध्ये पुस्तक आलं. परिषदेनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. त्यातल्या मुलाखती वाचताना मी वारंवार थांबते, कारण परिषदेला जायचं म्हणजे आधी घरातून निघायचं, आणि तेवढ्यालाही केवढं बळ लागत होतं ते तिथे कळतं.

बावधन ज्या मुळशी तालुक्यातलं, तिथे १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्याचे नेते सेनापती बापट सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच सत्याग्रहातल्या जाईबाई भोईटे यांचं नाव किती जणींना सांगता येईल?

अशी नावं हरवू नयेत म्हणून एवढं करा : तुमच्या आई-आजी कुठल्या मेळाव्याला, मोर्चाला, अधिवेशनाला गेल्या असतील, तर त्यांच्या पेटीतली निमंत्रणपत्रिका, ठरावाचा कागद, पावती, फोटो रद्दीत घालू नका. फोटोमागे नावं लिहा आणि हे सगळं जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या. आजी हयात असेल तर तिचं बोलणं आजच नोंदवून घ्या.