नाव नसलेले तिकीट

पुण्याहून किंवा कोल्हापुराहून लंडनला लेकीकडे आलेले एखादे वयस्कर जोडपे डोळ्यांपुढे आणावे. लेकीकडे दोन महिने राहून झाले आहेत. आता एडिंबऱ्यास मुलाकडे जावयाचे आहे, आणि प्रथमच दोघांनीच, सोबतीला कोणी नसता. उद्या नातवाचे बारसे आहे. सुनेसाठी केलेले डिंकाचे आणि अळिवाचे लाडू हातातल्या पिशवीत जपून ठेवले आहेत. जावयाने घरबसल्या तिकिटे काढून त्याचा छापील कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सासऱ्यांच्या स्वाधीन केला आहे. लेकीने सकाळी किंग्ज क्रॉस स्थानकाच्या दाराशी आणून सोडले आणि कामाची वेळ झाली म्हणून ती निघून गेली. गाडीला अद्याप पाऊण तास अवकाश आहे. उभ्या आयुष्यात ज्या गृहस्थांची एकही गाडी चुकली नाही, त्यांना पाऊण तास म्हणजे चैनच वाटावी.

फलाटाच्या फाटकापाशी मात्र ही चैन संपते. तिकीट सारण्याच्या फटीत हा मोठा कागद शिरत नाही, आणि त्यावर यंत्राला वाचता येईल अशी खूणही नाही. जवळ उभा असलेला कर्मचारी कागद पाहतो आणि नम्रपणेच सांगतो, की हे तिकीट नव्हे, तिकीट विकत घेतल्याची खात्री आहे. गृहस्थ कागदावर छापलेल्या आपल्या नावावर बोट ठेवतात; पुन्हा एकदा, जरा जोराने, ठेवतात. कर्मचाऱ्याला त्या बोटाचा अर्थ कळत नाही.

दोन देशांच्या रेल्वेत जे अंतर आहे, ते सारे त्या बोटात आलेले आहे.

आपल्याकडे लांबच्या प्रवासाचा पाया म्हणजे उतारूचे नाव. आरक्षण नावाने होते. प्रतीक्षायादीत नाव वर सरकते. गाडी सुटण्यापूर्वी काही तास तक्ता तयार होतो आणि त्यात नाव, वय, डबा आणि शायिका यांची सांगड पडते. डब्याच्या दाराशी चिकटवलेल्या त्या लांबलचक तक्त्यावर आपले नाव शोधणे हा कित्येक पिढ्यांच्या प्रवासाचा आरंभ होता. नाव सापडले की जीव भांड्यात पडे. मग स्पेलिंग कितीही विचित्र असो. 2018 च्या मार्चपासून मोठ्या स्थानकांवर हे तक्ते चिकटवणे प्रथम प्रयोगादाखल थांबवण्यात आले, आणि आता तपासनिसाच्या हाती यंत्र असते. तथापि पद्धतीचा आत्मा तोच राहिला आहे. ई-तिकीट काढलेल्या माणसाजवळ कागद नसला, तरी भ्रमणध्वनीवरचा संदेश आणि ओळखपत्र दाखवले की काम भागते. कारण जागा त्या माणसाची आहे आणि तो माणूस कोण हे रेल्वेस ठाऊक आहे.

ब्रिटनमधील पद्धत ह्याच्या नेमकी उलट आहे. येथील कागदी तिकिटावर उतारूचे नावच नसते. ज्याच्या हाती तिकीट तो उतारू. ज्याच्या हाती नाही तो, मग त्याने महिनाभर आधी पैसे भरलेले असोत, बिनतिकिटाचाच. शिवाय तिकीट आणि जागा ह्या येथे दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. कोणत्याही वेळेच्या गाडीला चालणारे महाग तिकीट घेऊनही, जागा राखून ठेवली नसेल तर, मनुष्याला तासन्‌तास उभे राहून जावे लागते. आणि केवळ जागा राखल्याची चिठ्ठी जवळ असेल तर तिच्यावर प्रवास करता येत नाही. थोडक्यात, लंडनहून एडिंबऱ्यास जाणारी गाडी कायद्याच्या दृष्टीने डेक्कन क्वीनपेक्षा दादरच्या लोकलला अधिक जवळची आहे. लोकलच्या तिकिटावर कोणाचे नाव असते? परंतु गाडी लांबची, आसने गादीची आणि आरक्षण केलेले, म्हणून आपला माणूस आपल्या मेल-एक्सप्रेसचा न्याय तिला लावतो आणि फसतो.

हे नाव तिकिटावरून गेले कसे, ह्याची हकीकत मनोरंजक आहे. घोड्यांच्या टपालगाड्यांच्या काळी प्रवासापूर्वी कचेरीत जाऊन आपले नाव वहीत लिहवून घ्यावे लागे. ‘बुकिंग’ हा शब्द त्या वहीतूनच आला, आणि आपल्या ‘बुकिंग ऑफिसा’च्या पाटीवर तो टिकून राहिला. आगगाडी आली तेव्हाही आरंभी कारकून प्रत्येकाची चिठ्ठी हाताने लिहून देत असे. 1836 साली टॉमस एडमंडसन नावाचा एक गृहस्थ न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवरील मिल्टन येथे स्थानकप्रमुख म्हणून लागला. मूळचा लँकेस्टरचा, पेशाने लाकडी सामान करणारा सुतार. धंद्यात दिवाळे निघाल्यामुळे नोकरी पत्करलेला. चिठ्ठ्या लिहिण्यात जाणारा वेळ आणि हिशेबातला घोळ ह्यांचा त्याला उबग आला असावा. त्याने पुठ्ठ्याच्या लहान तुकड्यांवर आधीच मजकूर आणि अनुक्रमांक छापून ठेवले आणि तारीख उठवणारे एक यंत्र तयार केले. दिवसाअखेर वरच्या तिकिटाचा आकडा पाहिला की किती तिकिटे विकली हे आपोआप कळे. पुढे ह्या युक्तीचा परवाना तो रेल्वे कंपन्यांना मार्गाच्या दर मैलास वर्षाला 10 शिलिंग ह्या दराने देत असे.

त्याने केले ते इतकेच, की नावाच्या जागी आकडा घातला. तोच सव्वादोन इंच लांबीचा पुठ्ठा पुढे बोरीबंदरपासून मिरजेपर्यंत खिडक्याखिडक्यांतून विकला गेला. त्यावर तारीख उठताना होणारा ‘खट्’ असा आवाज आज साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या कानात आहे. ब्रिटिश रेल्वेने 1990 साली तो पुठ्ठा बंद केला. त्याआधीच 1986 पासून नारिंगी पट्ट्यांचे, मागे चुंबकीय रेघ असलेले कार्ड आले होते. आकार बदलला, पण नाव परत आले नाही.

असो. आपले जोडपे अद्याप फाटकाशीच उभे आहे.

“अहो, तो त्या यंत्राकडे बोट दाखवतोय,” बाई म्हणतात. पुरुषांना जे अपमानाच्या भरात दिसत नाही, ते बायकांना अशा वेळी नेमके दिसते.

यंत्राचे तंत्र तसे सोपे आहे; ते आधी सांगणारा कोणी नसतो एवढेच. खात्रीच्या कागदावर अक्षरे आणि अंक मिळून आठ चिन्हांचा एक संकेत असतो. ‘तिकीट घेऊन जा’ ह्या अर्थाचे बटण दाबावे, बँकेचे कोणतेही कार्ड घालावे, संकेत टिपावा. कार्डातून पैसे जात नाहीत. ती केवळ ओळख असते. काही विक्रेते मात्र ज्या कार्डाने पैसे भरले तेच कार्ड मागतात, आणि ते कार्ड जर कामावर गेलेल्या जावयाच्या खिशात असेल तर पुढचे सारे फोनवर अवलंबून राहते. ओ हे अक्षर आणि शून्य ह्यांतला गोंधळ तर ठरलेलाच.

मग यंत्र कागद ओकू लागते. दोन माणसांची तिकिटे, त्यांच्या जागांच्या चिठ्ठ्या, वर एक पावती. आणि सगळ्यांचा आकार, रंग आणि कागद एकच! ह्या ढिगातला पहिला तुकडा उचलून घाईने निघालेला आणि खरे तिकीट यंत्राच्या पोटाशी विसरून गेलेला मनुष्य कोणत्याही मोठ्या स्थानकावर दिसावा. पावतीवर आणि चिठ्ठीवर हे प्रवासास चालणार नाही असे छापलेले असते, पण ते वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा पिशवीत लाडवांच्या डब्याखाली असतो.

ज्यांच्या घरी अशी वडील मंडळी येतात, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही तिकिटे प्रवासाच्या दिवशीच आणि त्याच स्थानकावर घेतली पाहिजेत असा नियम नाही. ती आदल्या दिवशीही, आपल्या घराजवळच्या ज्या स्थानकावर असे यंत्र आहे तेथे, काढून आणता येतात. रात्री जेवणाच्या टेबलावर ते तुकडे पसरून ‘हे जायचे, ही जागा, ही फेकून द्यायची पावती’ असे एकदा दाखवले, की सकाळचा अर्धा ताप कमी होतो. भ्रमणध्वनीवर तिकीट पाठवण्याचा मार्ग आता सर्रास झाला आहे, आणि ज्याला तो साधतो त्याला सोयीचाच आहे. पण फोनची बॅटरी संपली तर तिकीटही संपले, असाच येथला व्यवहार आहे. शिवाय लंडनमध्ये भुयारी गाडीने एका स्थानकावरून दुसऱ्यावर जाण्याचा अंतर्भाव असलेली तिकिटे बहुधा अजून कागदावरच मिळतात.

वय 60 झालेल्यांना भाड्यात एक तृतीयांश सवलत देणारे कार्डही असते. परदेशातून आलेल्यांनाही ते स्थानकाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून घेता येते. परंतु सवलतीचे तिकीट घेऊन कार्ड घरी राहिले, तर ते तिकीट नसल्यासारखेच. इंग्लंडमध्ये जेथे दंडाची पद्धत लागू आहे तेथे 2023 च्या जानेवारीपासून हा दंड 100 पौंड आणि वर एकेरी भाडे इतका झाला आहे. 21 दिवसांत भरल्यास 50 पौंड आणि भाडे. काही लांब पल्ल्याच्या गाड्यांत त्याऐवजी पुऱ्या दराचे नवे तिकीट घ्यावे लागते, आणि ते अनेकदा त्याहून जड जाते.

खिडकीवर माणूस असतो ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी राहिलेली नाही. 2023 च्या जुलैत इंग्लंडमधील बहुतेक तिकीट-खिडक्या बंद करण्याचा बेत जाहीर झाला. सुमारे 12 टक्केच तिकिटे तेथे विकली जातात, असे कारण देण्यात आले. प्रवाशांच्या हितसंस्थांकडे सुमारे 7,50,000 मते आली आणि त्या ऑक्टोबरअखेर सरकारने तो बेत सोडून दिला. शंभरातली बारा तिकिटे ही संख्या लहान खरी. परंतु ते बारा कोण, हे कोणत्याही खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले तर कळते. त्यांत म्हातारी माणसे असतात, डोळ्यांनी अधू असतात, आणि यंत्राची भाषा ज्यांची मातृभाषा नाही असेही असतात.

तिकीट हाती आले तरी गाडी कोठे लागणार हे आधी समजत नाही. आपल्याकडे नेहमीच्या गाडीचा फलाट गावाला पाठ असतो. येथे सुटण्यापूर्वी पाव तास, कधी दहाच मिनिटे, फलकावर आकडा उमटतो आणि सारी गर्दी एकदम हलते. युस्टनची ही धावपळ तर प्रसिद्धच आहे. स्थानकाचे नावही नीट पाहावे लागते. युस्टन 1837 चे, किंग्ज क्रॉस 1852 चे, सेंट पॅंक्रस 1868 चे. तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच रस्त्यावर जवळजवळ बांधलेली ही तीन स्थानके आजही आपापल्या दिशा सांभाळून आहेत. लेस्टरला जाणारा किंग्ज क्रॉसला आला, तर त्याला रस्ता ओलांडून सेंट पॅंक्रसला पळावे लागते. आणि सुटण्याच्या वेळी दार उघडे मिळेल ह्या भरवशावरही राहता येत नाही. दोन मिनिटे आधीच दारे मिटू शकतात. धावत्या गाडीचा दांडा पकडून चढण्याची विद्या येथे निरुपयोगी आहे.

ज्यांना चालणे जड जाते त्यांच्यासाठी मात्र एक चांगली सोय आहे. प्रवासापूर्वी दोन तासांपर्यंत कळवले, तर रेल्वेचा माणूस स्थानकात भेटतो, डब्यात बसवून देतो, पोचल्यावर उतरवून घेतो. आणि त्याचे काही पडत नाही. आपली मंडळी ही मदत मागत नाहीत. ‘आम्ही काय अपंग आहोत?’ असे विचारतात आणि दोन बॅगा ओढत निघतात.

हे जोडपेही तसेच निघते. यंत्राने दुसऱ्या खेपेस संकेत मान्य केला आहे. पाच तुकडे बाईंनी मोजून घेतले आहेत. पावती त्यांनी टाकलेली नाही, कारण कागद टाकणे त्यांच्या स्वभावात नाही. फलकावर आकडा उमटतो. फाटकाच्या फटीत यजमान प्रथम जागेची चिठ्ठी घालतात, ती परत येते. मग तिकीट घालतात, आणि फाटक उघडते. ते तिकीट पलीकडच्या फटीतून पुन्हा वर आलेले आहे, हे मागून येणाऱ्या बाईंच्या लक्षात येते आणि त्या ते उचलतात. डब्याचे अक्षर शोधत दोघे अर्धा फलाट चालतात. आसनांच्या वर लहान दिवे लागलेले आहेत, पण त्यांपुढेही नाव नाही. आकडा आणि स्थानकांची नावे तेवढी आहेत.

पीटरबरो मागे पडल्यावर तपासनीस येतो. गृहस्थ तयारीत असतात. दोन तिकिटे, दोन चिठ्ठ्या, पावती, जावयाचा कागद आणि सर्वांत वर दोघांचे पासपोर्ट, असा सगळा गठ्ठा ते पुढे करतात. तपासनीस त्यातली दोन तिकिटे काढतो, त्यांवर खूण करतो, आणि पासपोर्ट न उघडताच परत देऊन पुढच्या आसनाकडे वळतो.

“नाव नाही विचारले त्याने,” गृहस्थ म्हणतात.

बाई लाडवांचा डबा उघडून पाहत असतात. एकही फुटलेला नसतो.