शिपाई शिशाचा की प्लॅस्टिकचा?

दिवाळीच्या अंगणातील मातीचा किल्ला आणि त्यावर मांडलेले मावळे हे आपल्या मुलांचे इतिहासाचे पहिले पुस्तक होय. पिढ्यानपिढ्या ग्वाल्हेरीस राहिलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांनीही ही प्रथा निष्ठेने जपली आहे. परंतु किल्ल्यावरचा मावळा उभा असतो, लढत नाही. टेबलावर रणभूमी मांडावी, सैन्याची चाल पट्टीने मोजावी, गोळीबाराचा परिणाम फाशांवर ठरवावा आणि होऊन गेलेली लढाई पुन्हा खेळून पाहावी, हा छंद विशेषेकरून इंग्लंडात वाढला. प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम सांगितले. त्यांच्या काळी शिपाई शिशाचे असत. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतून ते सामान्य घरांपर्यंत पोहोचवले होते. पुढे १९५९ मध्ये एअरफिक्स या कंपनीने इंचाहूनही ठेंगणे असे प्लॅस्टिकचे शिपाई बाजारात आणले आणि शाळकरी मुलगाही खाऊच्या पैशांत पलटण उभारू लागला. तेव्हापासून ‘धातू की प्लॅस्टिक’ हा वाद छांदिष्टांत आजतागायत चालू आहे.

या वादाशी माझा संबंध आला तो एका चुकीमुळे. नववीच्या मुलांना असईची लढाई शिकवताना हा खेळ वर्गात मांडावा असे मनात आले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. शिंद्यांच्या सैन्याची ती कथा म्हणजे आम्हां ग्वाल्हेरकरांच्या घरचीच गोष्ट. विलायतेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्यास मी पत्र लिहिले आणि काटकसरीच्या सवयीने ‘सर्वांत स्वस्त असतील ते पाठव’ असे बजावले. मऊ प्लॅस्टिकचे शिपाई आले. मुलांनी महिनाभर मान मोडून ते रंगवले. तिसऱ्याच खेळाला संगिनी वाकल्या आणि त्यांवरील रंगाचे पापुद्रे गळू लागले. ज्या मुलाने एकट्याने गोलंदाज रंगवले होते, तो काही बोलला नाही. त्याने पापुद्रे कागदावर गोळा करून ठेवले. त्या कागदाकडे पाहून माझी काटकसर मलाच लाजिरवाणी वाटली.

मग मी विषयाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला. मऊ प्लॅस्टिक लवचीक असल्याने मोडत नाही, पण त्यावर रंग नीट धरत नाही आणि सांधाही सहजी जुळत नाही. साच्यातून निघताना अंगाला लागलेला ओशटपणा साबणाच्या पाण्याने धुतला नाही तर रंग लवकरच सुटतो. आम्ही धुण्याचेच विसरलो होतो! कठीण प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिस्टिरीनची, गोष्ट निराळी. त्याचे हातपाय सुटे मिळतात. विशिष्ट सिमेंट लावले की दोन्ही कडा किंचित विरघळून सांधा एकजीव होतो, त्यामुळे एकाच डब्यातून निरनिराळ्या ढबींचे शिपाई घडवता येतात. ते हलके असतात व पडले तरी रंगाचा टवका सहसा उडत नाही. बारीक संगीन मात्र जपावी लागते.

धातूचा शिपाई बहुधा अखंड ओतलेला असतो. जोडकामाचा व्याप कमी, चेहऱ्यामोहऱ्यात जिवंतपणा आणि हातात घेताच जाणवणारे वजन, हे त्याचे गुण. पण तो महाग पडतो, पडला तर रंग उडतो, आणि टपालखर्च वजनावर असतो हेही विसरू नये. त्याहून महत्त्वाची बाब शिशाची. आता पुष्कळ कारखाने शिसेविरहित मिश्रधातू वापरतात, परंतु जुन्या शिपायांत शिसे असण्याचा संभव मोठा. असे शिपाई लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत, ते घासून त्यांची भुकटी उडवू नये आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. ओकच्या लाकडी कपाटात कोंडून ठेवल्यास लाकडातील आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते व शिपाई हळूहळू झिजतो.

या निवडीमागे एक अर्थशास्त्रही आहे. कठीण प्लॅस्टिकसाठी पोलादी साचा लागतो. त्याचा खर्च हजारोंनी माल खपला तरच भरून निघतो. धातूचा रस मात्र फिरत्या रबरी साच्यात ओतता येतो, आणि तो साचा स्वस्त असल्याने शे-दोनशे गिऱ्हाइकांसाठीही काम परवडते. म्हणून नेपोलियनच्या किंवा दुसऱ्या महायुद्धातील फौजा प्लॅस्टिकमध्ये विपुल मिळतात. जगाला कमी ठाऊक असलेल्या फौजा शोधू गेल्यास बहुधा धातूच हाती येतो. आम्हालाही शिंद्यांचे गोलंदाज धातूतच सापडले.

अखेरीस आम्ही दोहोंचा मेळ घातला. वेलस्लीच्या ७४व्या व ७८व्या हायलंडर पलटणी कठीण प्लॅस्टिकच्या घेतल्या आणि बारा गोलंदाज तेवढे धातूचे. माप दोहोंचे २८ मिलिमीटर, कारण भिन्न मापांची सरमिसळ डोळ्यांना खटकते. गोलंदाज रंगवण्याचे काम अर्थातच त्याच मुलाकडे गेले. असईच्या रणात शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. काही मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा पुन्हा डागल्या. हे मी वर्गात सांगितले तेव्हा त्याने विचारले, “सर, यांची नावे कुठे लिहिली आहेत का?” मजजवळ उत्तर नव्हते.

नवशिक्याने संख्या हवी तेथे कठीण प्लॅस्टिक घ्यावे आणि जे मोजकेच, पण मनात घर करून राहावेत असे वाटते, ते धातूचे घ्यावेत. आमच्या वर्गात कुणाचा टेबलाला धक्का लागला की पलटणी कोलमडतात. गोलंदाज मात्र आपल्या जागी उभे असतात.