पाळत आणि देखरेख : गडमुडशिंगीच्या वेशीवरून

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, उचगाव व गांधीनगरच्या बाजारपेठेपासून जवळच करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव आहे. एका बाजूस उसाचे फड, दुसऱ्या बाजूस विमानतळाचा परिसर आणि मध्ये दिवसागणिक वाढणारी घरांची वस्ती, असे त्याचे आजचे रूप. कारभार ग्रामपंचायतीचा, जीवनमान मात्र बव्हंशी शहरी. कोल्हापूरच्या हद्दवाढीचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडल्यावर २०१७ साली शहरालगतच्या ४२ गावांसाठी स्वतंत्र विकास प्राधिकरण स्थापण्यात आले. तरीही पाणी, सांडपाणी, कचरा व डास या बाबतीत शहरालगतच्या गावाची अवस्था 'ना शहर, ना खेडे' अशीच राहते. शहराचे आरोग्य खाते तेथवर पोहोचत नाही आणि खेड्याची यंत्रणा शहरी लोकसंख्येला पुरी पडत नाही. अशा गावात सार्वजनिक आरोग्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. 'पाळत' ठेवली जाते ती संशयितावर. 'देखरेख' केली जाते ती पिकावर, लेकरांवर, आजाऱ्यावर. डोळे तेच असले तरी पाहण्याचा हेतू निराळा असतो. समाजाने समाजाच्या आरोग्यावर लक्ष ठेवणे यालाच अलीकडे सामाजिक देखरेख असे म्हटले जाते. तिच्यात हे दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, आणि कोणता कोठे संपतो हे ओळखता आले नाही तर चांगल्या कामातूनही अन्याय घडतो.

आपल्या जिल्ह्यातील उत्तम देखरेखीचे उदाहरण द्यावयाचे झाल्यास आम्ही प्रथम पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याचे नाव घेऊ. पावसाळ्यात तेथील पाण्याची पातळी किती फूट झाली हे शाळकरी मुलापासून वृद्धांपर्यंत सर्वांस ठाऊक असते. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ व २०२१ च्या महापुरांत हा आकडा ५५ फुटांच्या पुढे गेला, तेव्हा तर लोक रात्री-अपरात्री उठून पातळी विचारीत होते. या व्यवस्थेत मोजली जाते ती नदी, कोणा माणसाची वर्तणूक नव्हे. आकडा सर्वांना एकाच वेळी कळतो, अधिकाऱ्यांपुरता तो राखून ठेवला जात नाही. शिवाय आकडा वाढल्यावर काय करावयाचे, जनावरे कधी सोडायची, सामान कधी हलवायचे, हे घरोघर ठरलेले असते.

आता प्रश्न असा की, नदी किती फूट आहे हे सांगू शकणाऱ्या आपल्यांपैकी किती जणांस घरच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन किती आहे हे सांगता येईल?

पुराचे पाणी ओसरते. दूषित पाणी मात्र दिसतही नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यातील इचलकरंजी शहरात काविळीची मोठी साथ आली. हिपॅटायटिस ई या विषाणूमुळे होणारी ही कावीळ पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्याने पसरते. हजारो लोक आजारी पडले, मृत्यूही झाले. गरोदर स्त्रियांना हा आजार विशेष घातक ठरतो. अशा साथीत रुग्ण रुग्णालयात दाखल होऊ लागतात तेव्हा पाणी दूषित होऊन कित्येक आठवडे लोटलेले असतात, कारण विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः दोन ते दहा आठवडे जातात. रुग्ण मोजून साथ रोखता येत नाही ती यामुळे. मोजावयाचे ते पाणी, आणि तेही आधी.

ही मोजणी काही अवघड शास्त्र नव्हे. टाकीत ब्लीचिंग पावडर, जिला आपण गावात टीसीएल म्हणतो, ती मिसळून किमान अर्धा तास झाल्यावर नळाच्या पाण्याचा नमुना लहानशा नळीत घेतात व त्यात ऑर्थोटोलिडिन नावाच्या द्रावणाचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. रंग जितका गडद तितके प्रमाण अधिक. यासच ओटी चाचणी म्हणतात. नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, असा दंडक आहे. पावडर उघडी, दमट जागी पडून राहिली तर तिच्यातील क्लोरीन उडून जाते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते आणि ते २० टक्क्यांच्या खाली गेले की ती पावडर पाणी शुद्ध करण्यास निकामी समजतात. म्हणजे पोते रिकामे झाल्याची नोंद असूनही पाणी अशुद्ध असू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नमुना कोठला घ्यावा. टाकीजवळच्या पहिल्या नळाला क्लोरीन असतेच. वाहिनीच्या टोकाच्या घरात, जेथे गटारातून नळाची जोडणी गेलेली असते आणि पाणी बंद असताना फुटक्या वाहिनीत बाहेरचे पाणी शिरते, तेथे ते उरलेले नसते. आणि बहुधा टोकाचे घर गरिबाचेच असते.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा, एप्रिल व ऑक्टोबरमध्ये, स्वच्छता सर्वेक्षण होते. उद्भवाची स्थिती, गळती, परिसरातील घाण, टीसीएलचा साठा इत्यादी तपासून त्यानुसार ग्रामपंचायतीस कार्ड दिले जाते. जोखीम कमी असल्यास हिरवे, मध्यम असल्यास पिवळे आणि तीव्र असल्यास लाल. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राहून साथीचा उद्रेक झाला नसल्यास चंदेरी कार्ड मिळते. पाणी शुद्धीकरणाची व नमुन्यांची जबाबदारी असणारा जलसुरक्षक गावात असतो. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये तर प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यावयाचे ठरले आहे. घरात पाणी भरणारी बाईच ते तपासील, ही कल्पना आम्हांस मनापासून आवडली. व्यवस्था कागदावर उत्तम आहे. उणीव आहे ती एवढीच की, आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे बंधाऱ्याच्या पातळीसारखे कोणी कोणास विचारीत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण म्हणजे 'गुड मॉर्निंग पथक'. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले तेव्हा गावेच्या गावे झाडू घेऊन बाहेर पडली. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आले आणि हागणदारीमुक्ती हे उद्दिष्ट ठरले. एप्रिल २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. या कार्याचे मोल मोठे आहे. उघड्यावरील घाण थांबल्याशिवाय अतिसार व कावीळ हटणार नाही, हे निर्विवाद. परंतु उद्दिष्ट गाठण्यासाठी पहाटे शिट्ट्या वाजवीत जाणारी पथके निघाली. कोणी गुलाबाचे फूल दिले, कोणी छायाचित्रे काढली, कोणी दंडाची पावती फाडली. त्यात सापडले कोण? ज्याच्या घरी जागा आहे तो नव्हे. भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर, ऊसतोडणीस आलेली टोळी, पालातली म्हातारी. स्त्रियांची तर कुचंबणा अशी की अंधार पडेपर्यंत थांबावयाचे आणि उजाडण्यापूर्वी परतावयाचे. ज्याला शौचालयच उपलब्ध नाही त्याला लाज वाटावयास लावून शौचालय उभे राहत नाही. आमच्या मते ही पाळत होती. तिला देखरेख म्हणवत नाही.

डेंग्यूच्या बाबतीतही हाच पेच आहे. आशाताई व आरोग्यसेवक घरोघर जाऊन पाण्याची भांडी तपासतात. शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या हा एक निर्देशांक, आणि शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती हा दुसरा. एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ सुमारे आठ-दहा दिवसांत होते, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी रिकामी करावयाची. नुसती रिकामी नव्हे, घासूनही; कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या अवस्थेत अनेक महिने तग धरतात. हे सर्व खरेच आहे. पण ज्या वस्तीत नळाला एक दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येते, त्या वस्तीतील गृहिणी बॅरल रिकामे कसे करणार? तिच्या बॅरलमध्ये अळ्या सापडल्या ही तिची बेपर्वाई जितकी, तितकीच पाणीपुरवठ्याची अनियमितता. सर्वेक्षणाच्या तक्त्यात बॅरलचा रकाना असतो. नळाला पाणी किती दिवसांनी येते, याचाही एक रकाना त्याच्या शेजारी हवा.

समाजावर लक्ष ठेवण्याच्या नावाखाली काय घडू शकते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा घरोघर सैनिक शिरून झडती घेऊ लागले. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा आजही चर्चेत असतो. लोकांनी रुग्ण लपविले, प्रेते लपविली, आणि रोग आवरण्याऐवजी पसरला. रँड साहेबाचा वध झाला तो याच असंतोषातून. पंडिता रमाबाईंनीही त्या वर्षी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात पत्र लिहून प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची कशी हेळसांड होते, हे निर्भयपणे मांडले. गव्हर्नरांनी तो मजकूर दिशाभूल करणारा ठरविला, तरी त्या मागे हटल्या नाहीत. रोगाला विरोध नव्हता, उपायांनाही नव्हता. माणसाची अप्रतिष्ठा करून उपाय करण्याला होता.

सव्वाशे वर्षांनंतर कोरोनाच्या काळात तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. २०२० मध्ये गावोगावी दक्षता समित्या झाल्या. मुंबई-पुण्याहून परतलेल्यांची नोंद, शाळांतील विलगीकरण, औषधे व किराणा पोहोचविणे ही कामे या समित्यांनी केली आणि अनेक ठिकाणी ती अतिशय आपुलकीने झाली. पण काही वेशींवर काटेरी झुडपे टाकून आपल्याच लेकरांना अडविले गेले, हेही विसरता येत नाही. बाधितांच्या दारावर फलक लावण्याची पद्धत अनेक राज्यांत पडली. अखेर डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सक्षम अधिकाऱ्याने कायद्यानुसार विशेष निर्देश दिल्याखेरीज असे फलक लावू नयेत, असे सांगितले. त्याच वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन ताप व प्राणवायूचे प्रमाण मोजीत होते. ज्या घरांना आधी फलकाचा अनुभव आला होता, त्या घरांनी ताप असल्याचे मोकळेपणाने का सांगावे? लाज ही रोगाची मोठी मित्र आहे. क्षयरोग व कुष्ठरोगाचे काम करणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही.

बोट न दाखविता संपूर्ण वस्तीची प्रकृती कळावी, असाही मार्ग आहे. मुंबईत २००१ पासून गटाराच्या पाण्याचे नमुने घेऊन पोलिओचा विषाणू शोधला जातो. कोरोनाच्या साथीतही अनेक शहरांत सांडपाण्यावरून संसर्गाचा अंदाज घेण्यात आला. नाल्याला नाव-गाव नसते, त्यामुळे कोणाची बदनामी होत नाही. भुयारी गटार नसलेल्या गावात हे तितकेसे सोपे नाही, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

देखरेखीची दिशाच उलटी करणारा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला आणि त्याची माहिती आपल्या वाचकांना असावी असे आम्हांस वाटते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. पुण्यातील 'साथी' संस्थेने राज्य पातळीवर समन्वयाचे काम पाहिले. नंतर इतरही जिल्हे त्यात आले. येथे सरकार लोकांकडे पाहत नव्हते, तर लोक आरोग्यसेवेकडे पाहत होते. परिचारिका गावात येते का, लसीकरण ठरल्या दिवशी होते का, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे मिळतात की बाहेरून आणावयास सांगतात, रुग्णाशी कसे बोलतात, अशा प्रश्नांवर गावकरी हिरवा, पिवळा वा लाल शेरा देत. तो तक्ता जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडला जाई. कार्ड ग्रामपंचायतीला मिळते तसे दवाखान्यालाही मिळाले, एवढाच काय तो फरक. पण त्याने बैठकीतील खुर्च्यांची मांडणी बदलली. काही डॉक्टरांना हे रुचले नाही, तर काहींनी आपल्याकडील रिक्त पदांची अडचण याच जनसुनवाईत उघडपणे मांडली आणि लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले.

यासाठी लागणारी चौकट गडमुडशिंगीसारख्या गावांकरिता कायद्याने व योजनेने अगोदरच दिलेली आहे. ग्राम आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समिती ही प्रत्येक महसुली गावासाठी अपेक्षित असून तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी देण्याची तरतूद अभियानात करण्यात आली. रक्कम लहान आहे. गाव शहराएवढे फुगल्यावर तर ती हास्यास्पदच वाटते. तरी ओटी चाचणीचे द्रावण व एक सूचनाफलक एवढ्यासाठी ती पुरेल. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यावयाच्या असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास त्या होतात. आपल्या धर्मग्रामांतील जी कुटुंबे अशा गावांत राहतात, त्यांनी पुढील सभेस जाताना दोन गोष्टी विचाराव्यात. मागील सर्वेक्षणात गावाला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले, आणि ओटी चाचणीची नोंदवही कोठे ठेवली आहे. वही हाती आल्यावर टाकीजवळच्या नळाच्या नोंदी वगळून वाहिनीच्या शेवटच्या घराची नोंद तीत आहे काय, हे आधी पाहावे.