नातवंडांच्या हाती रॅकेट

उन्हाळ्याच्या सुटीत जऊळक्याच्या स्थानकावर उतरणाऱ्या नातवंडांच्या सामानात हल्ली टेनिसची रॅकेटही दिसू लागली आहे. शहरातही मुलांना मैदानावर पोहोचविण्याचे काम बहुधा आजी-आजोबांकडेच असते. म्हणून हे चार शब्द आपल्यासाठी.

प्रथम साधने पाहा. प्रौढांची रॅकेट २७ इंची असते. सहा ते आठ वर्षांच्या मुलास साधारण २३ इंची पुरते. ‘मोठी घेतली तर पुढेही चालेल’ हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, रॅकेटला नाही. जड रॅकेटचा भार कोवळे मनगट, कोपर आणि खांदा यांवर पडतो. चेंडूही निराळे असतात. नेहमीच्या चेंडूपेक्षा लाल चेंडू सुमारे ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के संथ असतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत अशा संथ चेंडूंचा नियम केला आहे.

दुसरी गोष्ट दुखण्याची. मुलाने टाच दुखते म्हटले की, ‘वाढीचे दुखणे आहे, राहील’ असे आपण सहज म्हणून जातो. वाढीच्या वयातील साधे दुखणे बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होते आणि सकाळी मूल पूर्ववत धावते. मात्र दुखणे एकाच जागी असेल, खेळताना वाढत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर हाडांच्या टोकांशी असलेल्या कोवळ्या कूर्चेवर अतिताण आलेला असू शकतो. अशा वेळी खेळ थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. सूज, ताप किंवा झोपमोड करणारी वेदना असल्यास एक दिवसही दवडू नये. तेल चोळून, पट्टी बांधून मुलाला पुन्हा मैदानावर धाडणे हे प्रेम नव्हे.

आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती हवीच. आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून अधिक नसावेत, हा सोपा ठोकताळा लक्षात ठेवावा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा खेळ पहाटे किंवा दिवस कलल्यावरच. मधूनमधून मुलाला पाणी द्यावे. आपणही सावलीत बसावे; रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असलेल्यांना ऊन लवकर बाधते.

आणि एकाच खेळाची घाई नको. सांगलीचे नंदू नाटेकर लहानपणी टेनिस उत्तम खेळत. पुढे ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले यांनी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णांसह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले, ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. वाट लांब असते.

मैदानावरून परतताना ‘जिंकलास का?’ असे विचारण्याआधी ‘कुठे दुखत तर नाही ना?’ एवढे विचारा. मुले आई-वडिलांपासून लपवितात, ते आजी-आजोबांना सांगतात.