स्वालबार्डचे फर-शिकारी
स्वालबार्डचे फर-शिकारी हे आर्क्टिक महासागरातील स्वालबार्ड द्वीपसमूहावर संपूर्ण हिवाळा काढून ध्रुवीय कोल्हे व ध्रुवीय अस्वले यांची केसाळ कातडी मिळवणारे व्यावसायिक शिकारी होत. नॉर्वेजियन भाषेत त्यांना 'फांग्स्टमान' म्हणतात. अठराव्या शतकात रशियाचे पोमोर शिकारी येथे हिवाळा काढत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या व्यवसायात नॉर्वेजियनांचे प्राबल्य झाले. अनेक जण ऐन तारुण्यात येथे येत. हिल्मार नोइस (१८९१–१९७५) याने १९०९ मध्ये, सुमारे अठराव्या वर्षी, पहिला हिवाळा काढला. पुढे त्याच्या अशा हिवाळ्यांची संख्या ३८ झाली.

एकांताची कारणे
शिकारी जोडीने आले तरी प्रत्यक्ष काम बहुधा एकट्याने चाले. कोल्हे विरळ व दूरवर पसरलेले असल्यामुळे सापळे किनाऱ्यालगत अनेक किलोमीटर मांडावे लागत. मुख्य घराखेरीज वाटेवर लहान लाकडी खोपी बांधलेल्या असत आणि शिकारी स्कीवरून किंवा कुत्र्यांच्या गाडीने एकेका खोपीत मुक्काम करत फेरी पूर्ण करी. कोल्ह्याची फर दाट व पांढरी होते ती हिवाळ्यातच. नेमका याच काळात, ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, सूर्य क्षितिजावर येत नाही. त्यामुळे कामाचा हंगाम आणि अंधाराचा हंगाम एकच ठरे. समुद्र गोठल्यावर बोट येत नसे. पाय मोडला किंवा खोपीला आग लागली, तरी मदतीची आशा नसे.

शिकारीची पद्धत
गोळीने कातडे फाटून त्याची किंमत घटते, म्हणून कोल्ह्यासाठी दगडांनी जड केलेली लाकडी चौकट काटक्यांवर तोलून ठेवत. टार्मिगन पक्ष्याचे डोके हे नेहमीचे आमिष. कोल्ह्याने ते ओढताच चौकट त्याच्यावर कोसळे. अस्वलासाठी पेटीत बंदूक बसवून तिचा चाप आमिषाला बांधत. ही पद्धत परिणामकारक, पण क्रूर होती. जखमी अस्वल निसटे, तर मादी मेल्यावर पिल्ले मागे उरत. उन्हाळ्यात आयडर बदकांची मऊ पिसे गोळा करून जोडउत्पन्न मिळवले जाई.

आरोग्य व मनःस्थिती
स्कर्व्ही टाळण्यासाठी ताजे मांस खाणे आवश्यक होते. १८७२–७३ च्या हिवाळ्यात काप थोर्डसेन येथे आसऱ्याला राहिलेले १७ जण मरण पावले. हे मृत्यू दीर्घकाळ स्कर्व्हीचे मानले गेले; २००८ मध्ये अवशेषांच्या तपासणीतून शिशाच्या विषबाधेचा पुरावा मिळाला. शिसे डबाबंद अन्नाच्या डब्यांच्या डाखातून आले असावे.

एकांतात वागणे बदललेल्या माणसाला शिकारी 'रार', म्हणजे विचित्र, म्हणत. ऑस्ट्रियन लेखिका क्रिस्टियाने रिटर हिने १९३४–३५ चा हिवाळा पती व एका तरुण नॉर्वेजियन शिकाऱ्यासोबत ग्रोहुकेन येथे काढला. दोघेही शिकारीसाठी दूर गेले असता वादळात तिला अनेक दिवस एकटीने राहावे लागले. १९३८ मधील तिचे पुस्तक या जीवनाचे महत्त्वाचे साधन आहे. बर्फ उपसणे, चूल पेटती ठेवणे अशी रोजची कामेच मन ताळ्यावर ठेवतात, हे त्यातून दिसते.

सद्यःस्थिती
१९७३ मध्ये ध्रुवीय अस्वलांना संरक्षण मिळाल्यावर व्यवसायाचा मोठा आधार गेला. कोल्ह्यांची मर्यादित शिकार चालू आहे. ऑस्टफ्योर्डनेसेट येथील शासकीय शिकार-केंद्र अर्जदारांना ठरावीक मुदतीसाठी दिले जाते.