लवचीक पाट : किती मऊ, किती घट्ट?

दिवेआगरला पाऊस लागला की रोज फिरायला जाणाऱ्यांची पंचाईत होते. एरवी जवळजवळ चार किलोमीटरचा सपाट किनारा दाराशी असतो. जून ते सप्टेंबर मात्र समुद्र खवळलेला, पाखाड्या शेवाळाने निसरड्या. आठ महिने नेमाने चालणारी साठीपुढची माणसे मग घरात बसतात. गणपतीच्या सुमारास ओपीडीत त्यांची रक्तातली साखर वाढलेली दिसते, गुडघे आखडलेले असतात आणि ‘पायरी उतरताना तोल जातो’ ही तक्रार सुरू झालेली असते.

ही तक्रार किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. म्हणून ६५ वर्षांवरील व्यक्तींनी चालण्याबरोबरच आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हे व्यायाम घरात होऊ शकतात. पण कोब्यावर किंवा लादीवर जोराने पावले आपटली की टाचा आणि गुडघे कुरकुरतात. त्यामुळे हल्ली अनेक जण छोट्या ट्रॅम्पोलिनची चौकशी करतात. मुंबई-पुण्याची मुले आईवडिलांना तो परस्पर मागवूनही देतात.

पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. साठीनंतर घरच्या व्यायामाला उड्या मारायचे साधन लागत नाही. पाऊल अलगद टेकेल आणि तरीही स्थिर राहील, असा पाट लागतो.

नारळ आणि गुडघा

झाडावरचा नारळ जांभ्याच्या पायरीवर पडला तर फुटतो, शिंपणाच्या ओल्या मातीत पडला तर नुसता रुततो. दोन्हीकडे वेग सारखाच असतो. फरक असतो तो थांबायला मिळालेल्या अंतराचा. दहा सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू एका सेंटिमीटरमध्ये थांबली, तर तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या ११ पट बल येते. तीच पाच सेंटिमीटरमध्ये थांबली तर ३ पट.

माणूस गुडघे वाकवून हे अंतर स्वतःच वाढवतो. पण गुडघे आखडले, मांडीचे स्नायू अशक्त झाले की ही सोय कमी होते आणि दणका सांध्यांपर्यंत पोचतो. लवचीक जमीन येथे मदत करते. आपल्या तालमींना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. कुस्तीच्या हौदातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळतात आणि वरचेवर उकरून भुसभुशीत ठेवतात, ती काही केवळ श्रद्धेपोटी नव्हे.

पण मऊ आणि लवचीक यांत फरक आहे. माती किंवा वाळू दबते आणि दबलेलीच राहते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बेल्जियन अभ्यासात वाळूवर चालायला कठीण जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, असे आढळले. किनाऱ्यावर कोरड्या वाळूतून चालताना पोटऱ्या भरून येतात त्या याचमुळे. लवचीक फळी मात्र दबताना घेतलेली ऊर्जा बरीचशी परत देते.

हार्वर्ड विद्यापीठात मॅकमोहन आणि ग्रीन या संशोधकांनी याचा नेमका हिशेब मांडला. फोमच्या उशांवरून धावायला लावले तेव्हा धावपटूंचा वेग खूप घटला. पण माणसाच्या पायाच्या लवचीकतेशी जुळणारी लाकडी धावपट्टी १९७७ मध्ये तयार झाली, तेव्हा वेग दोन-तीन टक्क्यांनी वाढला आणि दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. म्हणजे जितके मऊ तितके चांगले, असे नसते.

६८ टक्क्यांची गोष्ट

ट्रॅम्पोलिनच्या जाहिरातींत ‘नासाने सिद्ध केले : धावण्यापेक्षा ६८ टक्के अधिक परिणामकारक’ असे वाक्य हमखास असते. १९८० चा तो अभ्यास खरा आहे. अंतराळात वजनरहित अवस्थेत हाडे आणि स्नायू झिजतात, त्यावर व्यायाम शोधणे हा त्यामागचा हेतू होता. १९ ते २६ वर्षांच्या आठ तरुणांना ट्रेडमिलवर धावायला आणि ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायला लावले. धावताना घोट्याला बसणारा हिसका पाठ आणि कपाळाच्या मानाने दुपटीहून जास्त होता. ट्रॅम्पोलिनवर तो शरीरभर जवळजवळ सारखा विभागला गेला. शरीराला मिळणारी यांत्रिक चालना आणि खर्च होणारा प्राणवायू यांचे गुणोत्तर ६८ टक्क्यांपर्यंत जास्त आले. यात वजन घटण्याविषयी काही नाही, आणि साठीतल्या गुडघ्यांविषयी तर नाहीच.

मऊ जमिनीवर तोल

आपला तोल तीन गोष्टींवर सांभाळला जातो : डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय-सांध्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना. तोल तपासताना रुग्णाला फोमच्या उशीवर डोळे मिटून उभे करतात. मऊ पृष्ठभागामुळे तिसऱ्या संवेदनेत गोंधळ होतो आणि लपलेला दोष उघड होतो. म्हणजे जे आमचे तपासणीचे साधन आहे, त्यावरच अशक्त माणसाने आधाराविना रोज व्यायाम करायचा! गादीवर उभे राहून केलेल्या व्यायामात घोटा मुरगळतो तो यामुळेच.

मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना हा धोका सर्वांत जास्त. मोजे घालून चालल्यासारखे वाटत असेल किंवा चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर कोणताही दबणारा पाट वापरण्याआधी पायांची तपासणी करून घ्यावी.

दुसरे कारण हाडांचे. हाडांना भार पडला तरच ती मजबूत राहतात. अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, ती भार नसल्यामुळे. सगळाच दणका गिळून टाकणारा पृष्ठभाग हाडांचा खुराकही गिळतो.

पाट कसा असावा

बंदिस्त क्रीडागृहांच्या जमिनीसाठी ‘ईएन १४९०४’ हे युरोपीय मानक आहे. जमिनीने दणका २५ ते ७५ टक्के कमी करावा, पण ती पाच मिलिमीटरपेक्षा जास्त दबू नये, असे ते सांगते. घरच्या पाटासाठी हाच अंदाज धरावा. गावातल्या सुताराकडून असा पाट करून घेता येईल.

फळी ९० बाय ६० सेंटिमीटरची, १२ मिलिमीटर जाडीची मरीन प्लायची घ्यावी. साधा प्लाय आपल्या दमट हवेत फुगतो. बाजारच्या साधनांच्या लोखंडी स्प्रिंगाही खाऱ्या वाऱ्याने गंजतात. वजन ८० किलोच्या पुढे असेल तर फळी १८ मिलिमीटरची हवी. खाली सलग फोम चिकटवू नये. वजन सगळीकडे पसरते आणि पाट दबतच नाही. त्याऐवजी घट्ट रबराचे अडीच सेंटिमीटर जाडीचे सहा तुकडे लावावेत : चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मध्यावर. तुकडे फळीच्या कडेला भिडलेले असावेत. आत सरकवले तर कडेवर पाय पडताच पाट उलटतो. कोपऱ्यांतले तुकडे जरा मोठे ठेवावेत.

वर खरखरीत रबरी मॅट चिकटवावी आणि कडेला पिवळा पट्टा रंगवावा, म्हणजे संध्याकाळी दिवे गेले तरी कड दिसेल. एका बाजूला हात घालायला खाच ठेवावी. १२ मिलिमीटरच्या पाटाचे वजन पाच-सहा किलो भरते. तो उचलून भिंतीला टेकवता येतो. उंची चार सेंटिमीटरच राहते. बाजारचे ट्रॅम्पोलिन साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच असते, आणि चढउतार करतानाच पडायला होते.

पाट झाला की घरातल्या धडधाकट माणसाला मध्यावर उभे करावे आणि किती दबतो ते पट्टीने मोजावे. पाच मिलिमीटरच्या आसपास ठीक. दहाच्या पुढे गेला तर आडवी पट्टी मारून घ्यावी. मग एक पाय कोपऱ्यावर देऊन पाहावे. पाट कलला किंवा सरकला तर वापरू नये.

वापर कसा करावा

पाट पडवीच्या खांबाजवळ किंवा खिडकीच्या गजांजवळ, हात सहज पोचेल असा ठेवावा. प्लॅस्टिकची खुर्ची हा आधार नव्हे. पाय कोरडे आणि अनवाणी असावेत. आधी एक मिनिट जागच्या जागी पावले उचलावीत, मग टाचा वर-खाली दहा वेळा, मग पाटामागे ठेवलेल्या जड लाकडी खुर्चीतून पाय पाटावर ठेवून उठणे-बसणे आठ-दहा वेळा. दहा मिनिटे सकाळी, दहा संध्याकाळी. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागावा. पहिले पंधरा दिवस हात आधारावरून काढू नये. उडी एकही नको.

चक्कर येणारे, नुकतेच हाड मोडलेले किंवा शस्त्रक्रिया झालेले, मणक्यांची हाडे ठिसूळ झालेले, गुडघा सुजलेला असलेले आणि ताब्यात नसलेला रक्तदाब असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाटावर चढू नये. बायकांसाठी एक सूचना. व्यायाम करताना लघवीचा थेंब निसटत असेल तर लाजून व्यायाम बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात आणि बहुतेकींना त्यांचा उपयोग होतो.

सुट्टीत नातवंडे आली की पाट कपाटामागे ठेवावा. ट्रॅम्पोलिनवरच्या मुलांच्या दुखापती बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त मुले एकदम चढल्यावर होतात. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, रबराचे तुकडे दाबून पाहावेत. कडक झालेले किंवा चिरलेले तुकडे बदलून टाकावेत.