विश्लेषण : विवाह-कुटुंब समुपदेशक व्हायचंय? सोलापूरहून कोणती पदवी, कुठे प्रवेश, पुढे काय?

'तीन महिन्यांत मॅरेज कौन्सेलर व्हा', 'घरबसल्या फॅमिली थेरपिस्ट बना' अशा जाहिराती सध्या मोबाइलवर धडाधड येतात. फी हजारांत, वर्ग झूमवर, शेवटी रंगीत प्रमाणपत्र. बीए झालेली मुलं-मुली आणि संसार सांभाळून पुन्हा शिकू पाहणाऱ्या महिला यात पैसे भरतात. पुढे कौटुंबिक न्यायालयाच्या किंवा रुग्णालयाच्या जाहिरातीला अर्ज करायची वेळ आली की कळतं, हे प्रमाणपत्र तिथं चालतच नाही. मग चालतं काय?

अशी वेगळी पदवी आपल्याकडे आहे का?

अमेरिकेत 'मॅरेज अँड फॅमिली थेरपी' हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याची वेगळी पदव्युत्तर पदवी असते आणि राज्याचा परवानाही असतो. भारतात या नावाचा वेगळा परवाना नाही. नावाने सर्वांत जवळचा अभ्यासक्रम इग्नूचा, 'एमएस्सी समुपदेशन व कुटुंबचिकित्सा'. बाकी आपल्याकडे या कामाच्या दोन मुख्य वाटा आहेत : समाजकार्यातली एमएसडब्ल्यू आणि मानसशास्त्रातली एमए किंवा एमएस्सी.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही तिसरी गोष्ट. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. नोंदणीशिवाय हे काम करणं १९९२ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे साधी एमए करून पाटीवर हे बिरूद लावू नका. या क्षेत्रातली जुनी दोन वर्षांची एमफिलही आता मागे पडते आहे. यूजीसीने तिला २०२५-२६ च्या सत्रापर्यंतच मुदतवाढ दिली होती.

मग एमएसडब्ल्यू की मानसशास्त्र?

न्यायालय, पोलीस ठाण्यातला कक्ष, संस्था अशा ठिकाणी काम करायचं असेल तर एमएसडब्ल्यू. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या पदासाठी समाजकार्याच्या पदवीला आणि कुटुंब समुपदेशनाच्या अनुभवाला वजन आहे. शाळा, दवाखाना किंवा पुढे स्वतःचं समुपदेशन केंद्र डोळ्यांसमोर असेल तर मानसशास्त्र. पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी पदवीलाही मानसशास्त्र असावं लागतं. एमएसडब्ल्यूला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. बीकॉम झालेल्या सोलापूरच्या मुलीला हाच रस्ता जवळचा.

शहरातच वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात समाजकार्याचं शिक्षण मिळतं. तुळजापूरला, म्हणजे जेमतेम ४५ किलोमीटरवर, टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. १९३६ साली मुंबईत सुरू झालेली ही देशातली समाजकार्याची पहिली संस्था. तिचा तुळजापूर परिसर मात्र मुख्यतः ग्रामीण विकासाकडे झुकलेला आहे, हे लक्षात ठेवा. समुपदेशनाची एमए मुंबईत आहे. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन हेही जुने आणि भरवशाचे पर्याय.

अर्ज कधी, कसा?

टाटा संस्थेसाठी आधी सीयूईटी-पीजी द्यावी लागते. ही परीक्षा साधारण मार्चमध्ये होते आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात. अंतिम वर्षाचा निकाल लागल्यावर बघू, असं म्हणणाऱ्याचं वर्ष इथंच जातं. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे प्रवेश निकालानंतर, उन्हाळ्यात होतात. दोन्हींच्या तारखा वेगळ्या आहेत, त्यामुळे दोन्हीकडे अर्ज ठेवणं शहाणपणाचं.

मुलाखतीत हमखास प्रश्न येतो : हेच क्षेत्र का? 'मला लोकांना मदत करायला आवडतं' हे उत्तर समोरच्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं. स्वतःच्या घरातलं दुःख सविस्तर सांगणंही टाळलेलं बरं. त्यापेक्षा विडी वळणाऱ्या बाईच्या हातात मजुरी येते, पण घरातला निर्णय कोण घेतं, असं काही तुम्ही जवळून पाहिलं असेल तर ते सांगा. सोलापूरच्या उमेदवाराकडे अशी निरीक्षणं भरपूर असतात, ती अर्जात उतरत नाहीत एवढंच.

दोन वर्षांत शिकवतात काय?

आपल्याकडे भांडण मिटवायला मामा, काका, समाजाचे पंच बसतात. कोण चुकलं ते ठरतं, समजूत काढली जाते, मुलगी परत नांदायला जाते. प्रशिक्षित समुपदेशक असा निवाडा देत नाही. मुलगा शाळेत जायला नको म्हणतो, तेव्हा घरात कोण कोणाशी बोलत नाही, आईचा निरोप बाबांपर्यंत मुलामार्फत जातो का, आजी कोणाच्या बाजूने आहे, असं सगळं तो पाहतो. साल्वादोर मिनुचिन, व्हर्जिनिया सटीर, मरे बोवेन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ही पद्धत घडवली. 'जीनोग्राम' म्हणजे तीन पिढ्यांचा नातेनकाशा काढायला विद्यार्थी इथंच शिकतो. हा नकाशा पहिल्यांदा बहुधा स्वतःच्याच घराचा काढायला लावतात, आणि तो अनेकांना जड जातो.

एमएसडब्ल्यूत आठवड्याचे साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असतं. दर भेटीचा अहवाल लिहायचा आणि मार्गदर्शक शिक्षकासमोर बसून तो उलगडायचा. 'तुम्ही तिला गप्प का केलंत?' असा प्रश्न तिथं विचारला जातो. या विद्येचा गाभा हाच आहे, आणि झूमवरच्या तीन महिन्यांत नेमकं हेच नसतं. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी एकच विचारा : माझ्या कामावर देखरेख कोण करणार आणि किती तास?

कायदा कुठे येतो?

पावलोपावली. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्य ठरवलं आणि समुपदेशकांची तरतूद केली. समुपदेशकाकडे बोललेलं गोपनीय राहतं आणि त्याला साक्षीला बोलावता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाचे १९८८ चे नियम सांगतात.

मारहाण असेल तर हिशेब बदलतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील नियमांनुसार समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचं समर्थन करता येत नाही. 'ती उलट बोलली म्हणून' हे कारण तिथं ऐकून घ्यायचं नसतं. अशा प्रकरणात दोघांना एकत्र बसवण्यापूर्वी बाईची सुरक्षितता पाहावी लागते. न शिकलेला समुपदेशक जिवावर बेतणारी चूक करतो ती इथेच.

दूरस्थ शिक्षणाचं काय?

नोकरी करणाऱ्यांसाठी हा सोयीचा मार्ग होता. मात्र यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह काही आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मानसोपचार समाजकार्यकर्ते येतात, त्याचा हा परिणाम. या कायद्याखालची नोंदणी पुढे महत्त्वाची ठरणार आहे. म्हणून कोणी आजही 'दूरस्थ एमए सायकॉलॉजी' विकत असेल तर यूजीसीच्या संकेतस्थळावर मान्यता पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. इग्नूच्या अभ्यासक्रमालाही हीच खबरदारी लागू.

परदेशाचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी पदवीनंतरच्या परीक्षांखेरीज देखरेखीखालचे ३,००० तास भरावे लागतात. भारतातली एमए तिथं जशीच्या तशी चालेल असं समजून कर्ज काढू नका.

नोकरी आणि पगार?

जागा आहेत, कायम जागा कमी आहेत. टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष नंतर राज्यभर गेला. २०१५ पासून केंद्राच्या योजनेतली 'सखी' केंद्रं आली. पोलिसांचे भरोसा सेल आहेत, सरकारी रुग्णालयांत समुपदेशक असतात. यातलं बरंचसं काम कंत्राटी, मानधनावरचं. एवढी जबाबदारी टाकून इतकं कमी मानधन देणं हा व्यवस्थेचा कद्रूपणाच आहे. पण खासगी काम सुरू करण्याआधी अशा ठिकाणी काढलेली दोन-तीन वर्षं जेवढं शिकवतात तेवढं वर्गात शिकता येत नाही.

सोलापूरकर उमेदवाराची एक जमेची बाजू अर्जाच्या नमुन्यात कुठेच विचारली जात नाही : भाषा. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहरात दखनी उर्दू. सासूशी बोलताना मराठी आणि रडताना तेलुगू, अशी बाई समोर बसते. मुलाखतीला जाताना आपल्याला येणाऱ्या भाषा अर्जात ठळक लिहा.